महात्मा गांधींचे अपक्व आहाराचे प्रयोग

मोहनदास करमचंद गांधी (२ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर – ३० जानेवारी १९४८, नवी दिल्ली) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे नेते होते. आहार हा त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा आणि प्रयोगांचा विषय होता. केवळ न शिजवलेल्या, वनस्पतिजन्य अन्नावर राहता येते का, याचा शोध त्यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षापासून घेतला. प्रिटोरिया (१८९३), टॉल्स्टॉय फार्म (१९१२ पासून), लंडन (१९१४) व भारत (१९२९) येथील त्यांचे प्रयोग विशेष महत्त्वाचे मानले जातात. यांपैकी बहुतेक प्रयोग त्यांना प्रकृतीच्या कारणाने सोडावे लागले आणि आपल्या अपयशाची नोंद त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली.

पार्श्वभूमी

गांधींचा जन्म वैष्णव कुटुंबात झाला. काठेवाडातील वैष्णव व जैन वातावरणामुळे मांसाहार घरात वर्ज्य होता. १८८८ मध्ये बॅरिस्टरीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्यापूर्वी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मांस, मद्य व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आईला दिली. लंडनमधील पहिले काही महिने त्यांची उपासमार झाली. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवरील एका शाकाहारी उपाहारगृहात त्यांना हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक मिळाले. तोपर्यंत प्रतिज्ञेमुळे पाळलेला शाकाहार या वाचनानंतर त्यांनी विचारपूर्वक स्वीकारला. हॉवर्ड विल्यम्स, अ‍ॅना किंग्जफर्ड यांच्या ग्रंथांचेही त्यांनी वाचन केले.

लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी समितीवर असताना त्यांचा दोन व्यक्तींशी संबंध आला. सोसायटीचे अध्यक्ष ए. एफ. हिल्स हे टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचे मालक होते. धान्य, कडधान्य, सुका मेवा व फळे न शिजवता खाल्ल्यास त्यांतील जीवनशक्ती शरीराला मिळते, असे हिल्स यांचे मत होते. अशा अन्नाला ते जीवनदायी अन्न म्हणत. दुसरी व्यक्ती म्हणजे डॉ. टी. आर. अ‍ॅलिन्सन. कोंडायुक्त पिठाच्या पावाचा पुरस्कार करणारे हे वैद्य संततिनियमनाचाही प्रचार करीत. त्या कारणावरून १८९१ मध्ये हिल्स यांनी त्यांना समितीतून काढण्याचा प्रयत्न केला. संततिनियमनाच्या प्रश्नावर गांधी हिल्स यांच्या बाजूचे होते. तरीही शाकाहाराच्या संस्थेने सभासदाची नीतिविषयक मते तपासू नयेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे गांधींच्या अपक्व आहाराच्या पहिल्या प्रयोगाला हिल्स यांच्या विचारांची, तर १९१४ मधील प्रयोगाला अ‍ॅलिन्सन यांच्या सल्ल्याची पार्श्वभूमी लाभली.

प्रिटोरियातील प्रयोग (१८९३)

भारतात परतल्यावर गांधींनी मुंबईत आठवडाभर हिल्स यांच्या पद्धतीचा आहार घेऊन पाहिला. घरी मित्रांची ये-जा असल्याने व इतर सामाजिक अडचणींमुळे तो त्यांनी थांबवला. १८९३ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे राहत असताना २२ ऑगस्ट रोजी त्यांनी तोच प्रयोग पुन्हा सुरू केला.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी दोन मोठे चमचे गहू, एक चमचा वाटाणे, एक चमचा तांदूळ, दोन चमचे बेदाणे, सुमारे वीस लहान बिया अथवा दाणे व दोन संत्री खाल्ली आणि एक पेला कोको घेतला. धान्य व कडधान्य रात्रभर पाण्यात भिजवलेले होते. हे सर्व चावून संपवायला पाऊण तास लागला. सकाळी उत्साह वाटला. मात्र संध्याकाळी मरगळ आली व थोडे डोके दुखले, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवले. पुढील दिवसांच्या नोंदींत भूक न भागणे, पोट जड होणे आणि दात दुखणे यांचे उल्लेख येतात.

सुमारे दोन आठवड्यांनंतर हा प्रयोग थांबला. त्याचा वृत्तान्त १८९४ मध्ये लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या आहारात मोठ्या शक्यता असू शकतात. तथापि बहुसंख्य माणसे कधी स्वयंपाक सोडून देतील असे संभवत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कामाच्या धबडग्यात असलेल्या माणसाने असा प्रयोग करणे योग्य नाही, हेही त्यांच्या लक्षात आले.

दुधाचा त्याग व फलाहार

अ‍ॅडॉल्फ युस्ट यांच्या निसर्गोपचारावरील पुस्तकाच्या वाचनानंतर गांधी माती व पाण्याच्या उपचारांकडे वळले. फळे व सुका मेवा हाच माणसाचा नैसर्गिक आहार असल्याचा युस्ट यांचा विचारही त्यांना पटला. दुधाविषयी त्यांच्या मनात दोन आक्षेप होते. दूध विकारांना उत्तेजन देते, असे त्यांना रायचंदभाई यांच्याकडून समजले होते. शिवाय गाई-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी गवळी त्यांचा छळ करतात, हे सांगणारे कलकत्त्याहून आलेले साहित्य त्यांनी वाचले होते.

१९१२ मध्ये जोहान्सबर्गजवळील टॉल्स्टॉय फार्मवर गांधी व त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले. थोड्याच काळात दोघांनी शिजवलेले अन्नही जवळपास बंद केले. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू व ऑलिव्ह तेल एवढाच त्यांचा आहार होता. सर्वांत गरीब माणसाला परवडतील अशीच फळे घ्यायची, हा त्यामागील विचार होता. चूल पेटवण्याचे काम उरले नाही आणि वेळ वाचला. गांधींच्या अपक्व आहाराच्या प्रयोगांत हा सर्वाधिक काळ टिकलेला प्रयोग होय. १९१३ मध्ये त्यांनी 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकात आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. ती पुस्तकरूपाने अनेक भाषांत गेली.

लंडनमधील आजार (१९१४)

दक्षिण आफ्रिकेतील लढा संपल्यावर गांधी ऑगस्ट १९१४ मध्ये लंडनला पोहोचले. तेथे त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. उपचार करणारे जीवराज मेहता यांनी दूध व धान्य घेण्याचा आग्रह धरला. गांधी ज्यांना राजकीय गुरू मानत ते गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनीही प्रकृतीसाठी वैद्यांचे ऐकावे असे सुचवले. गोखल्यांचा शब्द मोडणे गांधींना जड गेले. त्यांनी विचारासाठी चोवीस तासांची मुदत मागून घेतली आणि अखेरीस दूध न घेण्याचा निर्णय कळवला. गोखल्यांना तो रुचला नाही. मात्र त्यांनी पुढे आग्रह केला नाही.

यानंतर गांधींनी अ‍ॅलिन्सन यांचा सल्ला घेतला. कोंडायुक्त पाव, बीट, मुळा, कांदा यांसारख्या कच्च्या भाज्या, पालेभाजी आणि ताजी फळे, विशेषतः संत्री, असा आहार त्यांनी सांगितला. भाज्या शिजवायच्या नव्हत्या. चावता न आल्यास बारीक किसून घ्यायच्या होत्या. गांधींनी तीन दिवस हा आहार घेतला, परंतु कच्च्या भाज्या त्यांना मानवल्या नाहीत. आजारामुळे अशक्त झालेल्या शरीरात या पद्धतीची पुरती परीक्षा होऊ शकली नाही, असे त्यांचे मत झाले.

भारतात परतल्यावर १९१५ च्या प्रारंभी ते पुण्यात भारत सेवक समाजात गेले. त्यांचा आहार लक्षात घेऊन गोखल्यांनी तेथील स्नेहमेळाव्यासाठी भुईमुगाचे दाणे, खजूर व ताजी फळे एवढेच पदार्थ ठेवले होते. गोखले स्वतः आजारी होते. काही पावलांवर असलेल्या त्या मेळाव्याला ते हट्टाने आले आणि तेथेच त्यांना मूर्च्छा आली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी कुंभमेळ्याच्या वेळी हरिद्वारला गांधींनी दिवसभरात पाचपेक्षा अधिक पदार्थ न खाण्याचे व सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत घेतले.

बकरीच्या दुधाचा स्वीकार

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना गांधींचा मुख्य आहार वाटलेले शेंगदाणे व लिंबू हा होता. त्या काळात त्यांना तीव्र आमांश झाला व प्रकृती खालावत गेली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा भरणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. व्रत घेताना गाई-म्हशींचेच दूध मनात होते, मग बकरीच्या दुधाला हरकत कसली, असा मुद्दा कस्तुरबांनी मांडला. रौलट विधेयकांविरुद्ध लढा उभारण्यासाठी जगण्याची इच्छा गांधींच्या मनात प्रबळ होती. त्यांनी बकरीचे दूध घेतले. व्रताचा शब्द पाळला गेला तरी आशय मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नमूद केली आहे. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ शोधणे हा पुढे त्यांच्या आहारप्रयोगांचा प्रमुख हेतू बनला.

१९२९ चा प्रयोग

१९२९ मधील आंध्र दौऱ्यात गांधींची राजमहेंद्री येथील निसर्गोपचारक सुंदरम् गोपाळराव यांच्याशी भेट झाली. त्यांच्या मार्गदर्शनाने मे महिन्यात गांधींनी पुन्हा न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला. आश्रमातील काही सहकारीही त्यात सामील झाले.

जून १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी आपला दैनिक आहार मापांसह प्रसिद्ध केला. त्यात मोड आलेले गहू ८ तोळे, बारीक वाटलेले बदाम ८ तोळे, कुटलेली हिरवी पाने ८ तोळे, लिंबे ६ आणि मध २ औंस असे पदार्थ होते (८ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम). आठवड्यातून दोन-तीन वेळा गव्हाऐवजी मोड आलेले हरभरे घेतले जात. त्या दिवशी बदामांच्या जागी नारळाचे दूध असे. हे अन्न दोन वेळांत विभागलेले होते. विस्तवाशी संबंध फक्त पाण्याचा येई, कारण लिंबू व मध ते गरम पाण्यातून घेत. प्रिटोरियात धान्य केवळ भिजवून खाल्ले जात होते. आता ते मोड आणून घेतले जाई आणि बदाम व पाने वाटून-कुटून खाल्ली जात. त्यामुळे दातांवरील ताण कमी झाला.

या प्रयोगाला गांधी सामाजिक अर्थ देत होते. तो यशस्वी झाल्यास सरपण, पैसा व वेळ वाचेल आणि स्त्रियांची चुलीपुढच्या कष्टांतून सुटका होईल, असे त्यांना वाटे. अनुभवी माणसांच्या देखरेखीशिवाय आजारी अथवा अशक्त व्यक्तींनी त्यांचे अनुकरण करू नये, अशी त्यांची भूमिका होती.

ऑगस्टमध्ये गांधींना पुन्हा आमांश झाला. त्यांनी प्रयोग थांबवून बकरीचे दूध सुरू केले आणि ही माहिती वाचकांना दिली. अपक्व आहारावरील त्यांचा विश्वास कायम होता. मात्र या विषयाचा शोध वैद्यकशास्त्र जाणणाऱ्यांनी घ्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

वर्धा, पुणे व उरुळी कांचन

१९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व वर्ध्याचे मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. येथे गांधींचे लक्ष खेड्यातील स्वस्त अन्नाकडे वळले. हातसडीचा तांदूळ, गूळ, सोयाबीन यांच्या जोडीने त्यांनी कच्च्या पालेभाज्यांचा अभ्यास केला. १९३५ मध्ये 'हरिजन'मध्ये त्यांनी हिरव्या पानांच्या अन्नमूल्याविषयी लिहिले. शिजवलेल्या भाजीच्या मोठ्या वाढणीपेक्षा थोडी कच्ची पाने पुरतात, हा त्यांचा अनुभव होता. सर्व अन्न कच्चे खाण्याचा आग्रह आता मागे पडून रोजच्या जेवणात थोडा कच्चा पाला असावा, एवढीच त्यांची शिफारस उरली.

पुण्यातील आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४२ मध्ये त्यांनी 'आरोग्यनी चावी' हे पुस्तक लिहिले. बैठे काम करणाऱ्या माणसासाठी त्यात दिलेल्या दैनिक आहारात गाईचे दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस आणि कच्ची भाजी १ औंस आहे. शिवाय तूप वा लोणी, गूळ वा साखर आणि फळे आहेत. एकेकाळी संपूर्ण आहार अपक्व असावा असे मानणाऱ्या गांधींच्या या यादीत कच्च्या भाजीचा वाटा जेमतेम २८ ग्रॅमचा आहे. मांसाहार न करणाऱ्याला दुधावाचून चालत नाही, हे त्यांनी अनुभवाच्या आधारे मान्य केले. वनस्पतिसृष्टीत दुधाला पर्याय असलाच पाहिजे, ही आशा मात्र त्यांनी सोडली नाही. मार्च १९४६ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे ग्रामीण गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. मणिभाई देसाई यांनी ते पुढे चालवले.

मूल्यमापन

गांधींच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, १९४८ मध्ये, अमेरिका व इंग्लंडमधील संशोधकांनी ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे केल्याचे जाहीर झाले. हे जीवनसत्त्व दुधात असते, पण वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. आज दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य करणाऱ्यांना ते गोळ्यांतून अथवा पोषणमूल्ये मिसळलेल्या अन्नातून घेण्याचा सल्ला दिला जातो. गांधींचे आजार याच कमतरतेमुळे झाले असे म्हणता येत नाही, कारण त्यांच्या दोन मोठ्या आजारांचे स्वरूप आमांशाचे होते. तथापि निव्वळ वनस्पतिजन्य आहारात काहीतरी कमी पडते, या त्यांच्या अनुभवाचा एक भाग या शोधामुळे शास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट झाला.

दुधाच्या विकारजनकतेविषयीच्या त्यांच्या समजुतीला आधुनिक आहारशास्त्रात आधार नाही. मोड आलेली कडधान्ये, हातसडीचा तांदूळ, कोंडायुक्त पीठ व कच्च्या पालेभाज्या यांचे त्यांनी सांगितलेले महत्त्व मात्र आजही मान्य आहे. अन्नाची मापे, तारखा व शरीरावरील परिणाम नोंदवण्याची त्यांची पद्धत आणि प्रयोग फसल्यावर तो जाहीर करण्याची तयारी, ही या प्रयोगांची वैशिष्ट्ये होत. त्यांचे आहारविषयक लेखन १९४९ मध्ये अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशनाने संकलित करून प्रसिद्ध केले.