कादंबरीकार हरिभाऊ आपटे

कादंबरी लिहिण्यास काय लागतें, असें कोणास विचारिलें तर बहुतेक जण प्रतिभा हें एकच उत्तर देतात. हें उत्तर खरें असलें तरी पुरें नव्हे, असें कै. हरि नारायण आपटे यांच्या चरित्राकडे पाहिलें म्हणजे आम्हांस वाटतें. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलामुलींस गोष्टी लिहिण्याची हौस आहे. त्यांच्यासाठीं तें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें या गांवीं झाला. मातेचें छत्र बालपणींच हरपलें, आणि त्यांचें संगोपन चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या घरीं, प्रथम मुंबईस व पुढें पुण्यास, झालें. एकत्र कुटुंबांतील वडिलांचा दरारा, सुनांचें मुकाट सोसणें, माजघरांतील हितगुज, हें सर्व त्यांनीं जवळून पाहिलें. पुढें लेखणी हातीं घेतल्यावर हीच शिदोरी त्यांस जन्मभर पुरली.

इ. स. १८८० मध्यें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्यासारखे गुरु हरिभाऊंस तेथें लाभले. शास्त्रीबोवा १८८२ मध्यें वारले, तेव्हां या विद्यार्थ्यानें शोकपर कविता रचिली. आणि आगरकरांनीं शेक्सपिअरच्या हॅम्लेटचें मराठी रूपांतर प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यावर सविस्तर टीका लिहिण्यासही तो कचरला नाहीं. गुरूंविषयीं आदर आणि स्वतःची बुद्धि हीं दोन्हीं त्याच्या ठायीं एकत्र नांदत होतीं. कॉलेजांत मात्र गणित आडवें आलें व पदवी हातीं लागली नाहीं. परंतु इंग्रजी व संस्कृत ग्रंथांचें वाचन कांहीं सुटलें नाहीं.

त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' ही १८८५ सालीं पुणेवैभव पत्रांतून येऊं लागली. तीस रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कृतीचा आधार होता. त्या वेळीं मराठींत राजपुत्र, जादूगार व अद्भुत योगायोग यांनीं भरलेल्या कथांची चलती होती. एकवीस वर्षांच्या या तरुणानें आधार परक्याचा घेतला खरा, परंतु दृष्टि आपल्या समाजाकडे वळविली. पुढें पांचच वर्षांनीं त्यांनीं तो आधारही टाकिला.

'पण लक्षांत कोण घेतो' ही ती कादंबरी होय. ती १८९० ते १८९३ या काळांत निघाली. यमू नांवाची मुलगी आपली कहाणी आपणच सांगत आहे, अशी तिची रचना आहे. बालपणींचें लग्न, पतीनें प्रेमानें शिकविलेलीं अक्षरें, मुंबईंतील थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीनें झालेलें केशवपन, हें सर्व यमू साध्या घरगुती भाषेंत सांगते. लेखक पुरुष, वय अवघें सव्वीस. परंतु वाचतांना पुरुषाचा हात कोठें दिसत नाहीं. शब्दसंपत्ति कोशांत मिळेल. दुसऱ्याचें दुःख त्याच्याच शब्दांत मांडावयाचें तर आधीं तें वर्षानुवर्षें कान देऊन ऐकावें लागतें. घराघरांतून जें घडे व ज्याविषयीं कोणी बोलत नसे, तें या पुस्तकानें घरांतल्याच माणसांपुढें ठेविलें.

हें लिहिण्यास निवांत वेळ होता, असें मात्र कोणीं समजूं नये. १८९० मध्यें हरिभाऊंनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढिलें व सुमारें २७ वर्षें चालविलें. कादंबऱ्यांचीं प्रकरणें त्यांतून आठवड्याआठवड्यास प्रसिद्ध होत. मन लागो वा न लागो, अंकाचा दिवस टळत नसे. शिवाय चुलत्यांनीं स्थापिलेल्या आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथसंस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि पुण्याच्या नगरपालिकेचें कामही त्यांनीं अंगावर घेतलें होतें. अशा धांवपळींतच 'मी' ही सामाजिक आणि 'उषःकाल', 'वज्राघात' यांसारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहून झाल्या.

या पद्धतीची किंमतही त्यांस द्यावी लागली. आठवड्याच्या घाईनें कथानक कोठें लांबलें, कोठें सैल पडलें. 'गणपतराव' व 'कर्मयोग' यांसारख्या कृति तर अपुऱ्याच राहिल्या. टीकाकार हे दोष दाखवितात व ते यथार्थ आहेत. तथापि सर्व अनुकूल होईपर्यंत हरिभाऊ थांबून राहते, तर यमूची कहाणी कदाचित् लिहिलीच गेली नसती, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १९१२ मध्यें अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. पंचावन्नावें वर्ष पूर्ण होण्यास पांच दिवस उरले होते.

विद्यार्थीमित्रहो, प्रतिभा कोणास किती मिळावी हें आपल्या हातीं नाहीं. परंतु पुष्कळ वाचणें, घरांतील अबोल माणसांचें बोलणें लक्ष देऊन ऐकणें, आणि ठरल्या दिवशीं ठरलेलीं पानें लिहून काढणें, हें ज्याच्या त्याच्या हातीं आहे. पालकांसही आमची एक विनंति आहे: मुलाच्या हातीं कादंबरी दिसतांच ती हिसकावून घेऊं नये. पुस्तक कोणतें आहे हें आधीं पाहावें. तें यमूचें असेल, तर मुलाचें झाल्यावर आपणही वाचावें.