सर फ्लिंडर्स पेट्री आणि दगडी भुंगेरा

मिसर देशाची सहल करून आलेल्या एका भगिनीने मागे आम्हाला एक लहानसा दगडी भुंगेरा दाखवला. अंगठ्याच्या नखाएवढा, निळसर हिरवा, दोरा ओवायला आरपार भोक असलेला, आणि सपाट पोटावर लंबगोल चौकटीत तीन चिन्हे कोरलेला. ही भगिनी संडे स्कूलमध्ये शिकवते. वस्तू मोशेच्या काळातील आहे असे विकणाऱ्याने तिला सांगितले होते, आणि निर्गमाचा पाठ घेताना ती मुलांना दाखवावी असा तिचा मानस होता. तसे करावे काय, असे तिने आम्हाला विचारले. त्याचे उत्तर शोधताना आम्ही ज्यांच्या चरित्राकडे वळलो ते म्हणजे सर विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री. असले हजारो भुंगेरे या गृहस्थांनी हाताळले, रेखाटले आणि काळानुसार लावून ठेवले.

पेट्री यांचा जन्म ३ जून १८५३ रोजी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील चार्लटन येथे झाला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढणारे दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स हे त्यांच्या आईचे वडील. घराणे मोठे शास्त्रनिष्ठ, प्लिमथ ब्रदरन पंथाचे. मुलगा दम्याने बेजार असल्यामुळे त्याचे शिक्षण घरीच झाले. वडील इंजिनिअर होते. त्यांनी त्याला मोजणी शिकवली, आणि पितापुत्रांनी मिळून स्टोनहेंजचे प्रचंड दगड मोजून काढले. पुढे प्राध्यापक झालेला हा माणूस शाळेत कधी बसलाच नाही, हे आमच्या शिक्षक वाचकांना गमतीचे वाटेल.

त्या काळी पियाझ्झी स्मिथ नावाच्या ज्योतिर्विदाच्या ग्रंथाने पुष्कळ भाविकांना भारून टाकले होते. गिझा येथील मोठा पिरॅमिड देवाच्या प्रेरणेने बांधलेला असून त्याच्या मापांत वर्षाचे दिवस आणि भविष्याच्या खुणा दडल्या आहेत, असे त्यात प्रतिपादन होते. पेट्री यांच्या वडिलांना हे मत फार पटले होते, आणि तरुण पेट्रीही त्याकडे ओढले गेले होते. याच मताचा पक्का पडताळा घ्यावा म्हणून १८८० च्या अखेरीस ते मिसरात गेले. एका रिकाम्या थडग्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले आणि दोन हंगाम मोजणी केली. प्रवाशांनी जवळ फिरकू नये म्हणून ते आतल्या गुलाबी कपड्यांवरच बाहेर काम करीत, असे सांगतात! मोजणीचा निकाल मात्र वडिलांच्या आवडत्या मताविरुद्ध गेला. स्मिथच्या हिशेबाला पायाची प्रत्येक बाजू सुमारे ९,१४० इंच हवी होती. ती भरली ९,०६९ इंचांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सहा फूट कमी. पेट्री यांनी हे आकडे १८८३ साली जसेच्या तसे छापले. आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व कामाचे मूळ येथे आहे. जे सापडावे म्हणून ते गेले होते ते सापडले नाही, आणि तसे त्यांनी उघड सांगितले.

आता भुंगेऱ्याकडे वळू. शेणाचा गोळा करून ढकलत नेणारा किडा आपल्याकडेही रानात दिसतो. मिसरी लोकांना तो पाहून आकाशातून सूर्याचा गोळा ढकलला जात असल्याचा भास झाला. गोळ्यातून पिले बाहेर येताना पाहून, हा जीव आपोआप उत्पन्न होतो असेही त्यांना वाटले. म्हणून त्यांच्या चित्रलिपीत भुंगेऱ्याच्या चिन्हाचा उच्चार खेपेर, आणि अर्थ उत्पन्न होणे. शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडात तो कोरून, वर झिलई देऊन लोक ताईत म्हणून बाळगीत. त्याच्या पोटाशी नाव कोरून शिक्का म्हणूनही वापरीत.

आमच्या भगिनीच्या भुंगेऱ्यावर वर सूर्याची तबकडी, मध्ये सोंगट्यांचा पट आणि खाली भुंगेरा होता. तबकडी म्हणजे रा, पट म्हणजे मेन, भुंगेरा म्हणजे खेपेर. देवाचे नाव मानासाठी आधी लिहायचे पण शेवटी वाचायचे, अशी मिसरी रीत. तेव्हा नाव झाले मेन-खेपेर-रा, म्हणजे फारो तिसरा थुटमोस याचे राजनाम. लंबगोल चौकट ही राजाच्या नावाची खूण होय. या फारोने ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकात राज्य केले. निर्गमाचा काळ त्याच शतकात धरणारे अभ्यासकही आहेत. मग विक्रेत्याचे म्हणणे खरेच की, असे कोणालाही वाटेल.

नेमके येथेच सावध व्हावे लागते. थुटमोसच्या नावात रक्षणाची शक्ती आहे असे मानून मिसरी कारागीर त्याच्या मृत्यूनंतर शेकडो वर्षे ते नाव कोरीत राहिले. नाव कोणाचे आहे यावरून वस्तू कोणत्या काळातील हे ठरत नाही. पेट्री म्हणूनच पाठीवरील रेघा, पायांची कोरणी, झिलईचा रंग हे सर्व पाहत, आणि वस्तू कोठे, कशाजवळ सापडली याला फार महत्त्व देत. मजूर बारीक वस्तू दलालाला विकू नयेत म्हणून सापडलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल ते बाजारभावाने बक्षीस देत. १८८९ साली त्यांनी राजनामे असलेल्या भुंगेऱ्यांच्या चित्रांचा संग्रह छापला, आणि १९१७ साली त्याहून मोठा ग्रंथ. नाईलच्या मुखाजवळ नॉक्रेटिस हे ग्रीक व्यापाऱ्यांचे नगर १८८४-८५ मध्ये खणताना त्यांना भुंगेऱ्यांचा एक कारखानाच सापडला होता. तेथे साचेही होते. तेथल्या कित्येक भुंगेऱ्यांवरील चिन्हे नुसती शोभेची होती. घडवणाऱ्याला वाचता येत नव्हते, आणि घेणाऱ्यालाही. म्हणजे मिसरी धर्तीचा नकली माल अडीच हजार वर्षांपूर्वीही खपत होताच!

काही भुंगेऱ्यांवर याकुब-हर असे एका परदेशी राजाचे नाव येते. त्याचा पहिला भाग आपल्या याकोबाच्या नावाशी जुळतो. हे वाचून हर्ष होणे साहजिक आहे. पण कुलपिता याकोब मिसराचा राजा नव्हता. असली नावे त्या काळच्या सेमी लोकांत चालत होती, एवढेच त्यावरून कळते.

खरा हर्ष १८९६ साली आला. थीब्सच्या पश्चिमेला मर्नेप्ताह फारोच्या मंदिरात पेट्री यांना काळ्या दगडाची एक प्रचंड शिला सापडली. तिच्याखालची माती काढून, उताणे पडून लेख वाचावा लागला. स्पिगेलबर्ग या जर्मन पंडिताने दुपारभर नक्कल केली आणि एका अनोळखी नावाशी तो अडला. ते इस्राएल असावे, हे पेट्री यांनी सुचवले. अष्कलोन व गेजेर यांच्यापुढे देशाचे चिन्ह आहे. इस्राएलपुढे मात्र बसलेल्या स्त्रीपुरुषांचे, म्हणजे लोकांचे चिन्ह आहे. ख्रिस्तपूर्व १२०८ च्या सुमारास इस्राएल नावाचे लोक कनान देशात होते, हे या एका चिन्हातून उघड होते. शाळेत सांगावे असे आहे ते हे.

पेट्रीही चुकले. १८९० साली तेल-एल-हेसी येथे फुटक्या खापरांवरून थरांचा काळ ठरवण्याची रीत त्यांनी पॅलेस्टाईनात प्रथम घालून दिली. पण ती टेकडी लाखीश समजले, आणि लाखीश निघाले दुसरीकडे. जुन्या राजवंशांच्या तारखा त्यांनी हजार-दीड हजार वर्षे मागे ओढल्या आणि ते मत सोडले नाही. मानववंशांच्या उच्चनीचतेविषयी त्यांची मते तर आम्हास मुळीच मान्य होण्यासारखी नाहीत. पिरॅमिडपाशी जी फूटपट्टी त्यांनी वडिलांच्या मताला लावली, ती स्वतःच्या मतांना प्रत्येक वेळी लावली नाही.

अमेलिया एडवर्ड्स या विदुषीच्या मृत्युपत्रामुळे १८९२ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२३ साली सर झाले. पत्नी हिल्डा तंबूत राहून त्यांच्याबरोबर चित्रे काढीत असे. म्हातारपणी दोघे यरुशलेमेत राहावयास गेली.

भगिनीला आम्ही कळवले की भुंगेरा मुलांना अवश्य दाखवावा, तिन्ही चिन्हे फळ्यावर काढून वाचून घ्यावीत, पण मोशेच्या काळातील म्हणू नये. तिने तसेच केले. मुलांनी वहीच्या पाठीवर आपापली नावे चौकटीत घालून लिहिली, असे तिने पुढे सांगितले.

पेट्री जुलै १९४२ मध्ये यरुशलेमेत वारले. आपले शिर अभ्यासासाठी लंडनच्या शल्यवैद्यांच्या कॉलेजला द्यावे, ही त्यांची इच्छा होती. महायुद्ध चालू होते, तरी ते पुढे पोहोचले. देह सियोन डोंगरावरील प्रॉटेस्टंट दफनभूमीत आहे.