मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (२६ डिसेंबर १९३५ – सप्टेंबर १९९९) या भारतीय डॉक्टर, सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक आणि जामखेड येथील समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या सहसंस्थापक होत्या. रुग्णालयातील सेवा सोडून त्यांनी आरोग्यसेवा खेड्यातील घराच्या उंबरठ्यापर्यंत नेली आणि त्यासाठी गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना प्रशिक्षण दिले. या कार्याबद्दल त्यांना व त्यांचे पती डॉ. रजनीकांत आरोळे यांना १९७९ साली संयुक्तपणे रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेड हा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. त्याला लागून बीड आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यांची हद्द आहे. अवर्षणप्रवण जमीन, ज्वारीचे बेभरवशाचे पीक आणि ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर या बाबतींत धाराशिवमधील भूम-परंडा भाग आणि जामखेड यांत फारसा फरक नाही. त्यामुळे येथील अनुभव मराठवाड्याच्या या पट्ट्यालाही लागू पडणारा ठरला.

जन्म व शिक्षण

मेबल यांचे माहेरचे आडनाव इमॅन्युएल. त्यांचा जन्म जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील तेथील लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. वैद्यकीय शिक्षणासाठी मेबल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाल्या. या संस्थेच्या संस्थापक डॉ. आयडा स्कडर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रस्त्याने जाऊन झाडाखाली रुग्ण तपासण्याचा प्रघात पाडला होता. मेबल शिकत असताना स्कडर हयात होत्या. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाण्याची ही परंपरा विद्यार्थिदशेतच मेबल यांच्यासमोर होती.

वेल्लोरलाच त्यांची रजनीकांत आरोळे यांच्याशी ओळख झाली. रजनीकांत हे अहमदनगर जिल्ह्यातील शिक्षक दांपत्याचे पुत्र. १९६० साली दोघांचा विवाह झाला. विवाहाच्या वेळीच खेड्यातील गरिबांसाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प त्यांनी केला होता. त्या काळी डॉक्टरकीची पदवी हाती असलेल्या तरुणांना शहर आणि परदेश हे दोन्ही मार्ग खुले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यायला हवी.

वडाळा येथील रुग्णालय

१९६२ ते १९६६ या काळात आरोळे दांपत्याने नेवासा तालुक्यातील वडाळा बहिरोबा येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णालय नावारूपास आले, रुग्णांची रीघ लागली. परंतु मेबल यांना काही गोष्टी खटकू लागल्या. जुलाबाने सुकलेले मूल सलाइन लावून बरे करून घरी पाठवावे आणि काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा त्याच अवस्थेत आणले जावे, असे वारंवार घडे. पाणी तेच, घर तेच आणि अन्नाची वानवाही तीच. येणाऱ्या आजारांपैकी सुमारे सत्तर टक्के आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत, या निष्कर्षाप्रत दोघे आले. शिवाय जे सर्वांत गरीब होते, ते रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हते. बैलगाडीने अडलेल्या बाळंतिणीला आणायचे, तर गाडी दुसऱ्याची, दिवसाची मजुरी बुडणार आणि दवाखान्याचा खर्च वेगळा.

चालते रुग्णालय सोडण्याचा निर्णय सोपा नव्हता. रुग्णालयात डॉक्टरला मान असतो, बरा झालेला रुग्ण डोळ्यांसमोर असतो. न झालेला आजार मात्र कोणाला दिसत नाही आणि त्याचे श्रेयही कोणी देत नाही.

१९६६ मध्ये दोघे अमेरिकेला गेले. तेथे वैद्यकीय प्रशिक्षणानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. भारतात परतल्यावर काय करायचे, याचा आराखडा तेथेच तयार झाला.

जामखेड येथील आरंभ

१९७० साली स्थानिक पुढाऱ्यांच्या सहकार्याने जामखेड येथे काम सुरू झाले. आरंभीचा दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होता. त्या सुमारास या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाची होण्याआधीच दगावत होती.

लगेचच १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला घेरले. गावकऱ्यांना औषधापेक्षा अन्न आणि पाणी अधिक निकडीचे होते. म्हणून प्रकल्पाने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली आणि विंधणविहिरी खोदल्या. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवण्यात आले. पाण्यासाठी सर्वांनाच तेथे यावे लागले आणि शिवाशिवीच्या रूढीला त्यातून धक्का बसला. पुढे शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली.

परिचारिकांचा प्रयोग आणि त्याचे अपयश

मूळ योजना तीन पायऱ्यांची होती. जामखेडला लहान रुग्णालय, गावोगाव फिरणारे पथक आणि प्रत्येक गावात मुक्कामी राहणारी सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे जिला सर्वत्र एएनएम म्हणतात ती. कागदावर ही रचना निर्दोष दिसत होती. पण तिसरी पायरी ढासळली.

रुग्णालयात शिकलेल्या या परिचारिका बहुधा तरुण आणि परगावच्या होत्या. परक्या गावात एकटीने राहायचे, तर सुरक्षित खोली मिळेना आणि लोक नाही नाही ते बोलत. दुसरीकडे गावातील स्त्रियांना त्यांचा सल्ला पटेना. जिला स्वतःला मूल नाही, ती बाळंतपणाचे काय सांगणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. रुग्णालयात परिचारिकेच्या पाठीशी डॉक्टर, खाटा, औषधे आणि संस्थेचा दरारा असतो. परक्याच्या घरी मात्र ती पाहुणी असते, आणि घरात काय शिजावे, सुनेने किती खावे, हे ठरवणारी सासू वेगळीच असते. या अपयशाचा दोष मेबल यांनी परिचारिकांच्या माथी मारला नाही. घरात जाऊन करायच्या कामासाठी निवड आणि शिक्षण दोन्ही वेगळे हवे, हे त्यांनी त्यातून ओळखले. आरोळे यांच्या कार्याविषयीच्या लेखनात या टप्प्याला सहसा दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. वास्तविक पुढचे सारे काम याच चुकीच्या कबुलीतून उभे राहिले.

ग्राम आरोग्यसेविका

यानंतर गावकऱ्यांनीच आपल्या गावातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत मध्यमवयीन, लेकुरवाळ्या, विधवा, परित्यक्ता अशा स्त्रिया होत्या. अनेक जणी दलित होत्या आणि बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांना शिकवण्याचे काम प्रामुख्याने मेबल यांनी हाती घेतले. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती, तरीही हे शिक्षण पूर्णतः या स्त्रियांच्या बोलीतूनच व्हायचे होते.

सेविका दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्काम करीत. वह्यांऐवजी चित्रे, गाणी, गोष्टी आणि प्रत्यक्ष रुग्ण ही त्यांची साधने होती. रात्री सर्वांना मिळून एकच मोठी वाकळ पांघरायला दिली जाई. निरनिराळ्या जातींच्या बायकांना एका पांघरुणाखाली निजवण्याचा हा उपाय कोणत्याही वैद्यकीय अभ्यासक्रमात सापडणार नाही. ज्या बाईने आयुष्यभर गावकुसाबाहेर राहून मान खाली घालून वावरायचे, ती पाटलाच्या घरात शिरून बाळाचे वजन कसे करणार, हा खरा प्रश्न होता. म्हणून प्रशिक्षणाचा मोठा भाग आत्मविश्वास जागवण्याचा होता. आपले नाव, आपले काम आणि आपली मते चार माणसांत उभे राहून सांगण्याचा सराव तेथे होई.

आठवड्याचे प्रशिक्षण संपवून परतलेली सेविका घरोघर जाई. गर्भवतींची नोंद व तपासणी, पायांवरील सूज पाहणे, मुलांचे वजन, लसीकरणाची आठवण, क्षयरोग व कुष्ठरोगाच्या रुग्णांना रोजच्या गोळ्या घेतल्या का हे विचारणे, अशी तिची कामे असत. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडण्याची रूढी होती. सेविका मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवी. पोट मोठे होऊन बाळंतपण अडू नये म्हणून गर्भवतीने कमी खावे, असा समज होता. पहिले चिकाचे दूध पिळून टाकले जाई. नाळ कापायला हाताशी असेल ते हत्यार वापरले जाई. त्याऐवजी निर्जंतुक पाते आणि दोरा असलेले पुडके वापरात आले. हे समज सेविकेने स्वतः बाळगलेले असत आणि त्यांची किंमतही कित्येकींनी स्वतःचे मूल गमावून मोजलेली असे. त्यामुळे तिच्या तोंडून आलेली गोष्ट सासवाही ऐकून घेत.

रुग्णालय बंद झाले नाही. अडलेले बाळंतपण, शस्त्रक्रिया, सर्पदंश यांसाठी ते लागतच होते. मात्र ते आता घरातील कामाच्या पाठीशी उभे होते. सुमारे दोन दशकांत प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण दरहजारी तीसच्या खाली आले. या घटीत पाणी, अन्न आणि स्त्रियांच्या संघटनांचा वाटा औषधांइतकाच होता, असे आरोळे दांपत्याचे प्रतिपादन होते.

लेखन, पुरस्कार व प्रभाव

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रकाशित केलेल्या, केनेथ न्यूएल संपादित ग्रंथात जामखेडवर आरोळे दांपत्याचे प्रकरण आहे. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला, त्याआधीची जी उदाहरणे जगासमोर होती, त्यांत जामखेडचा समावेश होतो. १९९० साली दांपत्याला पद्मभूषण किताब मिळाला. देश-विदेशांतील कार्यकर्त्यांसाठी जामखेडला प्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९९४ मध्ये दोघांचे जामखेडवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्वदच्या दशकात मेबल यांनी युनिसेफच्या काठमांडू येथील दक्षिण आशिया कार्यालयात आरोग्य सल्लागार म्हणूनही काम केले.

जामखेडच्या कार्याचा उल्लेख सहसा पती-पत्नींच्या एकत्रित नावाने, आणि कित्येकदा केवळ डॉ. रजनीकांत यांच्या नावाने केला जातो. सेविकांच्या घडणीतील मेबल यांचा वाटा त्यामुळे झाकला जातो, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

गावातल्याच स्त्रीला आरोग्याचे शिक्षण देण्याची वाट पुढे इतरांनीही चोखाळली. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ या नावाने खेड्यातील स्त्रियांना असेच तयार केले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्ती आली; साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक, आणि तीही त्याच गावची, हे तिच्या निवडीचे निकष आहेत.

मृत्यू

मेबल आरोळे यांचे सप्टेंबर १९९९ मध्ये निधन झाले. त्यानंतर डॉ. रजनीकांत यांनी मे २०११ मधील आपल्या निधनापर्यंत प्रकल्प चालवला. पुढे त्यांच्या मुलीने व मुलाने ही धुरा सांभाळली.