लंडनमध्ये पै-पैचा हिशेब ठेवणारे विद्यार्थी गांधीजी

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. सुरुवातीला ‘साहेब’ दिसण्याच्या नादात त्यांनी १० पौंडांचा सूट शिवला, नाच आणि व्हायोलिनची शिकवणी लावली. सुमारे तीन महिन्यांत ही हौस ओसरली. पैसे थोरले भाऊ पाठवत होते, याची जाणीव मनात होतीच.

गाडीभाडे असो वा टपाल तिकीट, प्रत्येक खर्च लिहून रोज रात्री हिशेब जुळवल्यावरच ते झोपत. त्यातूनच काटकसर सुचली. दोन खोल्यांऐवजी एकच खोली, रोज ८-१० मैल पायपीट आणि स्टोव्हवर हाताने केलेली लापशी! जेवणखर्च दिवसाला १ शिलिंग ३ पेन्सवर आला.

१८९१ साली ते बॅरिस्टर झाले. पुढे सार्वजनिक कामाचे लाखो रुपये सांभाळतानाही हीच सवय उपयोगी पडली.