सिग्मंड फ्रॉइड आणि मनाची जखम

सिग्मंड फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबर्ग येथे ज्यू कुटुंबात झाला. बालपणी त्यांना सांभाळणारी कॅथलिक दाई त्यांना देवमंदिरात नेत असे. पुढे मात्र ते नास्तिक झाले. व्हिएन्ना येथे त्यांनी मनोविश्लेषणाचा पाया घातला. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते न निवडता बोलावे, दडपलेले दुःख हळूहळू जाणिवेत यावे व त्याची पकड सैल व्हावी, हा त्या उपचाराचा हेतू. नाझी राजवटीमुळे १९३८ साली ते लंडनला गेले. तेथेच २३ सप्टेंबर १९३९ रोजी निवर्तले.

धर्माला त्यांनी भ्रम मानले, ते आम्हांस मान्य नाही. तथापि पापनिवेदनात आपण आठवणारे पाप क्षमेसाठी सांगतो. विश्लेषणात विस्मृतीतील जखम शोधली जाते. म्हणून मनोरुग्णासाठी प्रार्थना करावीच. पण त्याला तज्ज्ञांकडेही अवश्य न्यावे.