कर्नल नायडूंचा होळकर संघ

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर फैज फजलच्या विदर्भ संघाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक पहिल्यांदा आपल्या मुलखात आला. रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचे शतक, मुंबईहून विदर्भात आलेल्या अनुभवी वसीम जाफरची साथ, प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त, या सगळ्यांबद्दल तेव्हा भरभरून लिहिले गेले. ज्या मैदानावर हा पराक्रम झाला त्याच्या नावाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पूर्वी महाराणी उषाराजे ट्रस्टचे म्हणून ओळखले जाणारे हे मैदान २०१० साली होळकरांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आणि क्रिकेटच्या संदर्भात होळकर म्हटले की मल्हारराव किंवा तुकोजीराव आठवण्याआधी एक नागपूरकर आठवला पाहिजे. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच आपले सी. के.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनसारख्या गावात क्रिकेट म्हणजे पीक निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात टेनिसच्या चेंडूने रंगणारे सामने. तिथल्या पोरांना धोनी-कोहलीचे आकडे तोंडपाठ असतात. त्यांना सी. के. नायडू ठाऊक असलेच तर एखाद्या स्पर्धेचे किंवा पुरस्काराचे नाव म्हणून. त्यात त्यांचा दोष नाही. पण शिरपूर ज्या काळात वऱ्हाडच्या अकोला जिल्ह्यात मोडत होते, त्या काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाचा एक संघ होता आणि हा माणूस त्या संघाकडूनही खेळला होता. तेव्हा थोडा हक्क आपलाही आहे.

सी. कें.चा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घराणे तेलुगू, पण नागपुरात रुजलेले. आजोबा नारायणस्वामी नायडू नामांकित वकील, जमीनदार आणि काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या काळातले कार्यकर्ते. वडील सूर्यप्रकाशराव विलायतेत केंब्रिजला शिकून आलेले. तिथे त्यांची रणजितसिंहजींशी ओळख झाली होती असे सांगतात. मुलगा हिस्लॉप कॉलेजच्या शाळेत शिकला आणि तिथेच क्रिकेटच्या नादी लागला. उंच, सडसडीत, ताठ. हा ताठपणा पुढे जन्मभर टिकला आणि त्याने त्यांना दोन्ही दिले, मोठेपणही आणि शत्रूही.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ते हिंदू संघातर्फे युरोपियनांविरुद्ध प्रथम उतरले, तेव्हा संघाची अवस्था सात बाद ७९ अशी केविलवाणी होती. पहिले तीन चेंडू त्यांनी निमूटपणे अडवले आणि चौथा प्रेक्षकांत भिरकावून दिला. पहिल्याच सामन्यात षटकार! पुढे दहा वर्षांनी, १ डिसेंबर १९२६ रोजी, मुंबई जिमखान्याच्या मैदानावर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार. हिंदुस्थानचे खेळाडू साहेबाच्या तोडीचे आहेत, ही गोष्ट त्या दिवशी साहेबाला समजली असे म्हणायला हरकत नाही. दोन वर्षांत भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ साली पहिला अधिकृत कसोटी संघ लॉर्ड्सवर उभा राहिला.

तो किस्सा आता सर्वांना पाठ आहे. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिमडीचे राजपुत्र. महाराजांना आपल्या फलंदाजीची किंमत ठाऊक होती, ही त्यांची थोरवी. ते बाजूला झाले. लिमडीकरांना दुखापत झाली. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी भारताचा पहिला कसोटी कर्णधार होण्याचा मान नागपूरच्या वकिलाच्या नातवाकडे आला. कसोटीच्या आदल्या रात्री संघातल्या काही जणांनी त्यांच्या हाताखाली खेळायला नकार दिला होता आणि पतियाळाच्या महाराजांनी दटावल्यावर सगळे वठणीवर आले, असे पुढे सांगितले गेले. सामना भारताने १५८ धावांनी गमावला. पहिल्या डावात संघाच्या सर्वाधिक ४० धावा नायडूंच्या होत्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा काढल्या, ६५ बळी घेतले आणि १९३३ च्या विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत बसवले.

पण देशाचा संघ हा कधी त्यांचा संघ झाला नाही. १९३३-३४ मध्ये जार्डिनविरुद्ध तिन्ही कसोटींत त्यांनी नेतृत्व केले, त्यानंतर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. १९३६ च्या दौऱ्यात चाळिशीतला हा माणूस अशा कर्णधाराच्या हाताखाली खेळला, ज्याला आपल्या खेळापेक्षा आपल्या दरबाराची काळजी अधिक होती. तिथल्या कटकटींत अमरनाथला परत पाठवले गेले. सी. कें.चा सर्वांसमक्ष पाणउतारा केल्याबद्दल एकाला कसोटीची टोपी मिळाली, असाही प्रवाद आहे. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत ॲलनचा चेंडू लागूनही सी. के. खेळत राहिले आणि ८१ धावा काढून गेले. सात कसोटी, ३५० धावा. आकडे पाहिले तर काहीच नाही. त्यांच्या आयुष्याचे खरे पुस्तक कसोटीच्या रकान्यात सापडत नाही, ते इंदूरला सापडते.

इंदूरला ते १९२३ मध्येच गेले होते. तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतले आणि संस्थानच्या फौजेत कप्तानाची जागा दिली. पुढे ते कर्नल झाले आणि अखेरपर्यंत कर्नलच राहिले. राजेरजवाड्यांच्या लहरींनी ज्याची देशाच्या संघात परवड केली, त्यालाच एका राजाने घर दिले, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईच्या खेळाडूंना बँका आणि कंपन्या नोकऱ्या देत. इंदूरकडे त्यासाठी फौज होती. मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर ही मंडळी होळकरांच्या सेवेत शिरली ती बंदूक चालवण्यासाठी नव्हे. इंदूरच्याच मुश्ताकला तर सी. कें.नी पोरवयातच हेरून हाताशी धरले होते. धाकटा भाऊ सी. एस. नायडू, हिरालाल गायकवाड, जमशेद भाया हेही या मेळ्यात आले. मोठ्या शहराची परंपरा नाही, क्लबांची रांग नाही, अशा एका संस्थानी गावाचा संघ उभा राहिला.

आणि त्यांना शिकवणारा माणूस कसा? अंगावर चेंडू आदळला तर ती जागा चोळायची नाही, हा त्यांचा दंडक असल्याचे त्यांच्या हाताखाली खेळलेले सांगत. चोळणे म्हणजे गोलंदाजाला पावती देणे. पन्नाशी उलटल्यावर मुंबईविरुद्ध दत्तू फडकरचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले, तेव्हा ते बॅटने बाजूला सारून त्यांनी पुन्हा स्टान्स घेतला, अशी आठवण होळकर संघातले लोक सांगत आले. कुणाला हे कठोर वाटेल. कठोर होतेच. अशा माणसाच्या संघात रोज वावरणे सोपे नसणार, आणि १९३२ च्या त्या रात्री सहकारी का उखडले असतील याचाही थोडा अंदाज येतो. फरक एवढाच की इंदूरला ज्यांना हे चालत होते तेच राहिले.

१९४४-४५ साली होळकर संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. समोर मुंबई, मैदान ब्रेबॉर्न. विजय मर्चंटने २७८ धावा कुटल्या. सी. एस. नायडूने दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. खांदा कसा टिकला देव जाणे! जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. युद्धामुळे फौजेबरोबर हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या हंगामात होळकरांकडून खेळत होता. तो २४९ वर नाबाद राहिला, मुश्ताकने दोन्ही डावांत शतके ठोकली आणि तरी ३७४ धावांनी हार झाली. चारही डाव मिळून २,०७८ धावा झाल्या. असा सामना हरल्यावर एखादा लहान संघ पुन्हा उभा राहत नाही.

होळकर पुढच्याच वर्षी उभे राहिले. १९४५-४६ चा हंगाम. मार्च १९४६ मध्ये इंदूरला उपांत्य सामन्यात म्हैसूरची गाठ पडली. होळकरांनी आठ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा शतके! भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, स्वतः सी. के. १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. एकाच डावात सहा शतवीर, असे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी कधी घडले नव्हते. यादी पुन्हा वाचा. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर. माळव्यात पेशव्यांच्या काळापासून जाऊन वसलेल्या मराठी मुलखाची खूण त्या धावफलकावर उमटलेली दिसते. त्यांच्यामध्ये एक तेलुगू घरातला नागपूरकर कर्णधार.

अंतिम सामन्यात गाठ बडोद्याशी. गायकवाडांचे संस्थान आणि होळकरांचे संस्थान. पेशवाईत ज्यांच्यात चुरस होती त्यांची ही निराळी चुरस. बडोद्याकडे तेव्हा विजय हजारे होते. सामन्यात होळकरांचा एकच फलंदाज तळपला म्हटले तरी चालेल, आणि तो पन्नास वर्षे पूर्ण करून पाचव्या महिन्यात होता. सी. कें.नी २०० धावा काढल्या. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीतली ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या. त्या वयात आपण अंगणात चेंडू झेलायला वाकलो तरी कंबर धरतो. होळकर ५६ धावांनी जिंकले, म्हणजे कर्णधाराची खेळी मधून काढून टाकली तर निकाल काय लागला असता ते सांगायला नको. रणजी करंडक प्रथमच इंदूरला आला.

त्याच उन्हाळ्यात सरवटे भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि ओव्हलवर सरेविरुद्ध अखेरच्या जोडीसाठी शूट बॅनर्जींबरोबर त्यांनी २४९ धावा जोडल्या. दोघांचीही शतके झाली. भाऊसाहेब निंबाळकर पुढे महाराष्ट्रात परतले आणि १९४८-४९ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ पर्यंत पोहोचले. सी. कें.च्या शाळेचे हे विद्यार्थी.

अर्थात सगळेच सोनेरी नव्हते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याने पुरेपूर वसूल केले. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली आणि होळकर एक डाव ४०९ धावांनी हरले. पण १९४७-४८ ला मुंबईला, १९५०-५१ ला गुजरातला आणि १९५२-५३ ला कलकत्त्यात बंगालला मागे टाकून होळकरांनी आणखी तीनदा करंडक नेला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा अंतिम सामने! मुंबईची मक्तेदारी पुढे पंधरा वर्षे सलग चालली, तिच्या आधी तिला अशी टक्कर देणारे दुसरे कोण होते?

दरम्यान संस्थानच उरले नव्हते. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झाले. होळकर हे नाव क्रिकेटमध्ये मात्र आणखी काही वर्षे टिकले. १९५४-५५ ला मद्रासविरुद्ध अंतिम सामना हरल्यानंतर तेही गेले. ज्या फौजेने खेळाडूंना पगार दिला तीच नाहीशी झाली, तेव्हा संघ कसा राहणार? त्या मुलखाला पुढच्या रणजी करंडकासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले, आणि मध्य प्रदेशच्या त्या संघालाही प्रशिक्षक लाभले ते पुन्हा चंद्रकांत पंडितच.

सी. के. मात्र थांबायला तयार नव्हते. १९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ नवा उभा राहिला, त्याला नेतृत्व द्यायला ते गेले. १९५६ साली सरकारने पद्मभूषण दिले; त्याच वर्षीच्या हंगामात एकसष्ट वर्षांचे सी. के. उत्तर प्रदेशचे कर्णधार होते आणि राजस्थानकडून खेळणाऱ्या विनू मंकडला त्यांनी दोन षटकार मारले. मंकडचे त्या काळातले नाव आठवा, म्हणजे या दोन फटक्यांचे मोल कळेल. १९६३-६४ मध्ये एका मदतनिधी सामन्यासाठी ते पुन्हा पांढरे कपडे चढवून मैदानात उतरले. वय अडुसष्ट. २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी, असा हिशेब त्या दिवशी मिटला. १९१६ ला पहिला सामना खेळलेल्या माणसाचे प्रथम श्रेणी क्रिकेट सहा दशकांना स्पर्श करून गेले होते.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी कर्नल नायडू वारले, इंदुरातच.