रंगभेदाचा हिशेब मांडणारे डॉ. डु बॉइस

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या वस्तीत लहान पोरांनाही पाठ आहे. असाच एक ज्ञानी माणूस अमेरिकेत आपल्या माणसांसाठी हयातभर झिजला. त्याची ओळख आपल्या तरुणांना व्हावी म्हणून हे चार शब्द.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बाप घर सोडून गेलेला, आईने कष्टाने वाढवले. शाळेत मुले एकमेकांना भेटकार्डे देत होती, तर एका मुलीने यांचे कार्ड घेतलेच नाही. आपण वेगळे मानले जातो हे त्या दिवशी त्यांना कळले. पुढे १९०३ च्या ग्रंथात त्यांनी हेच शास्त्र म्हणून मांडले. दबलेला माणूस स्वतःकडे हिणवणाऱ्याच्या नजरेने पाहू लागतो, एकाच देहात दोन मने झगडत राहतात.

१८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १८९६ मध्ये फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीची पाहणी त्यांच्याकडे आली, तेव्हा ते पत्नीसह त्याच वस्तीत राहायला गेले. घरोघर फिरून काम काय, पगार किती, भाडे किती, सगळे लिहून घेतले. दारिद्र्य आणि गुन्हेगारी काळ्यांच्या रक्तातच आहे, असे तेव्हा शिकलेली माणसे पण म्हणत. डु बॉइस यांनी १८९९ च्या ग्रंथात आकडेच पुढे ठेवले. चांगली कामे बंद, खोलीला भाडे जास्त, मागे गुलामगिरी. मग माणूस वर येणार कसा? दोष रक्ताचा नाही, समाजाच्या रचनेचा आहे.

त्याच वर्षी जॉर्जियात सॅम होज या काळ्या मजुराला जमावाने जिवंत जाळले. नुसते आकडे मांडून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी करण्यात ते पुढे होते. तिचे ‘क्रायसिस’ मासिक त्यांनी १९१० पासून चोवीस वर्षे चालवले.

१९३५ च्या ग्रंथातला त्यांचा विचार आपण कामगारांनी तर ध्यानात ठेवावाच. गोऱ्या मजुराला पगार कमीच मिळे, पण वर गोरेपणाचा मान मिळे. त्या मानालाच तो मजुरी समजला आणि काळ्या मजुराशी एकी करायची सोडून मालकाच्या बाजूने उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांत काय वेगळे होते? साचा खात्यात पगार बरा, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. सवर्ण कामगारही पोटासाठीच राबत होता, तरी विटाळ सोडत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला.

१९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले, अस्पृश्यांविषयी सहानुभूती कळवली.

१९५१ साली सरकारने त्यांच्यावर खटला भरला, ते निर्दोष सुटले. तरी काही वर्षे पासपोर्ट मिळाला नाही. १९६१ मध्ये ते घानात गेले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी ९५ व्या वर्षी तिथेच वारले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनला हक्कांसाठी अडीच लाखांचा मोर्चा निघाला.

आपल्या पोरांनी आपल्या वस्तीचा असा हिशेब वहीत मांडावा. कुणी आपल्या रक्ताला दोष दिला, तर ती वही पुढे ठेवावी.